जिजाबाईचा कावळा

नाचणगावच्या जिजाबाई तेलिणीच्या पिंडाला कावळा काही शिवेना. उन्हं वर आली, पुलगावच्या घाटावरची वाळू तापली, थोरल्या नानाजीचं ताजं तासलेलं डोकं घामानं चमकायला लागलं, तरी पळसाच्या पत्रावळीवरचा भात जसाच्या तसा होता. बरं, कावळे नव्हते असंही नाही. पलीकडच्या बाभळीवर चांगले डझनभर बसले होते. माना वाकड्या करून मंडळींकडे बघत होते. मधूनच एखादा उडून मासे धरणाऱ्या ढीवरांच्या डोंग्यांकडे जाऊन येत होता. पण भाताकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं.

दहाव्याला अर्धं गाव लोटलं होतं. मग कुजबुज सुरू झाली. एवढी पुण्यवान बाई, गळ्यात तुळशीची माळ, कधी कोणाच्या ताटातलं काढून खाल्लं नाही, तर हिचा जीव अडकला कशात? महाराज म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावतो, चालतं शास्त्रात." नानाजी एकदम अंगावर आल्यासारखा म्हणाला, "माझ्या मायले गवताचा कावळा? लोक काय म्हणतीन?" महाराजांनी काढलेला दर्भ पुन्हा पिशवीत घातला. त्यांना ऊन आणखी चढायच्या आधी घरी जायचं होतं.

मग घरच्यांनी जिजाबाईचा जीव कशात अडकला असेल ते शोधायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाची एक मोठी सोय असते. त्याच्या तोंडी काहीही घाला, ते नाही म्हणत नाही. आधी धाकटा सोनबा पुढे झाला. डोळे पुसत, बाभळीकडे हात जोडून म्हणाला, "माय, तुले विहिरीजवळच्या वावराचा घोर लागला असन. तू म्हणत होती ना, ते सोनबाले दे म्हून? दादा देईन. होय ना गा दादा?" इतक्या लोकांसमोर नानाजी काय बोलणार? दात-ओठ खात 'देईन' म्हणाला. कावळ्याला शेतावावराशी काही देणंघेणं नव्हतं, तो जागचा हलला नाही. पण सोनबाचं वावर पंचांसमोर पक्कं झालं.

मग कारंज्याहून आलेली लेक कौशल्याबाई हंबरडा फोडत वाळूत बसली. "माय वं, तुझ्या हातातले गोठ तू मलेच देतो म्हणत होती. ते नाई भेटले म्हून तुझा जीव राह्यला का वं?" नानाजीनं तिलाही मान डोलावली. तिचं रडणं लगेच थांबलं. कावळे मात्र बाभळीवरच बसून राहिले.

नानाजीची पोरगी सुलोचना बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहून हे सगळं पाहत होती. वय विशीचं, कपाळ पांढरं, हात ओके. लहानपणी लग्न झालं, अंगाची हळद पुरती उतरायच्या आत नवरा तापानं गेला, आणि सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून बापाच्या दारात आणून उतरवलं. तेव्हापासून ती आजीजवळ जेवायची, आजीजवळ झोपायची. आज तिच्या पदराच्या गाठीत काळे तीळ होते, आणि त्या तिळांत कुटलेले सुके झिंगे होते. झिंगे म्हणजे ढीवर नदीत पकडून वाळवतात ती बारीक कोळंबी. शिजवायला घेतली की तिचा वास आळीभर फिरतो. माळकरी बाईच्या पिंडावर ते टाकायचे म्हणजे काय, हे सुलोचनाला कोणी सांगायला नको होतं. पण दुसरा रस्ताच राहिला नव्हता.

जिजाबाईचं चरित्र नाचणगावात पोरासोरांना पाठ होतं, आणि सगळ्यांनाच चुकीचं पाठ होतं.

लोक सांगत ते असं. जिजाबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. पदरात तीन लेकरं. तेल्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. जिजाबाईलाही तीन ठिकाणची मागणी आली. तिनं तिघांनाही उंबऱ्यावरून परत पाठवलं, पदर खोचला आणि नवऱ्याचा घाणा हातात घेतला. पहाटे बैल जुंपायची, घाण्यात जवस ओतायची आणि घाण्याच्या फळीवर स्वतः बसून बैलामागे दिवसभर गोल गोल फिरायची. दुष्काळाच्या साली बैल मेला तेव्हा तिनं त्याच्या जागी आपला खांदा लावला. शनिवारी मारुतीला तेल गेलं नाही असं कधी झालं नाही, मग घरच्या दिव्यात तेल असो नसो. एकादशीला पाण्यावर राहायची. पोरांची लग्नं केली, नातवंडं न्हाऊ-माखू घातली. पुलगावला तेलाची मिल आली आणि घाणा बंद पडला, तरी म्हातारी रोज घाण्याची उखळी पुसून ठेवायची. असा जिनं एकाच्या नावावर जन्म काढला ती बाई नव्हे, देवी, असं लोक म्हणायचे. नव्या नवऱ्या तिच्या पाया पडायला यायच्या. पहिल्या निवडणुकीत मत मागायला आलेला उमेदवारसुद्धा आधी जिजाबाईच्या पायावर डोकं ठेवून मग पाटलाकडे गेला होता.

खरं काय ते म्हातारीनं फक्त सुलोचनाला सांगितलं होतं. एका दुपारी दोघी तीळ पाखडत बसल्या होत्या. कोणीतरी नुकतीच पाया पडून गेली होती. म्हातारी सूप खाली ठेवून म्हणाली, "मले देवी म्हणतात तं माझं आंग जळते, पोरी. देवळीचा एक माणूस आलता मले मागाले. चांगला होता. हासे तं डोळे बारीक होत त्याचे. माझ्या लय मनात होतं जायचं."

"मंग काऊन नाई गेली?" सुलोचनानं विचारलं.

"सासू म्हणे, जाय खुशाल, पण पोरं अठीच ठेव. पाटाच्या बाईले पयल्या घरची लेकरं नाई नेता येत. मी नान्याकडे पाह्यलं. नाक गळून राह्यलं होतं त्याचं. सोन्या अंगावर पीत होता. राह्यली मंग. बस, इतकीच गोष्ट हाये. त्यात देवाधर्माचं काई नाई." मग तिनं पुन्हा सूप उचललं, दोन वेळा पाखडलं आणि न बघताच म्हणाली, "तुले तं लेकरूबी नाई. तू कोणासाठी राहशीन वं?"

हे बोलणं निघालं त्याला कारण होतं. सुलोचनाचा मामा श्रावण जामला राहायचा. त्यानं एक स्थळ आणलं होतं. नत्थू नावाचा माणूस, बायको वारलेली, जामच्या फाट्यावर चहाचं हॉटेल. मामाबरोबर तो एकदा नाचणगावला येऊन गेला. फार बोलला नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यानं आपली कपबशी आपणच मोरीवर नेऊन विसळली आणि पालथी घातली. आत दाराआडून सुलोचना पाहत होती. तिच्या बापानं आयुष्यात पाण्याचा पेला उचलून ठेवला नव्हता. त्या दिवसापासून तिला ती पालथी कपबशी सारखी दिसायला लागली, आणि आपल्याला हा माणूस हवा आहे हे तिनं मनाशी कबूल करून टाकलं.

नानाजीनं मामाला सांगितलं, "माय हो म्हणन तं करू. मायच्या शब्दाबाहेर मी नाई." तो निर्धास्त होता. आपली माय पाटाला हो म्हणेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. जिजाबाईनं ते ऐकलं आणि सुलोचनाला डोळा घातला. म्हणाली, "उद्या एकादशी होऊ दे. परवा उपास सोडतो आन् नान्याले सांगतो. त्याचं तोंड पाहाजो तू तवा."

उपास सुटलाच नाही. द्वादशीच्या सकाळी म्हातारी घाण्याची उखळी पुसता पुसता तिथंच कोसळली. उजवं अंग गेलं, जीभ गेली. पडून राहिली ती उठलीच नाही. डोळे मात्र टक्क उघडे असत आणि सारखे नानाजीला शोधत. शेवटच्या दिवशी तिनं डाव्या हातानं सुलोचनाचा हात धरला, ओढत नेला आणि नानाजीच्या हातावर ठेवला. नानाजीला रडू कोसळलं. "सांभाळीन माय, घरातच सांभाळीन इले. कोठी जाऊ देणार नाई." म्हातारी मान हलवायला लागली. जोरजोरानं हलवायला लागली. तोंडातून लाळ गळाली, घशातून घरघर निघाली, डोळ्यांतून पाणी आलं. कौशल्याबाई म्हणाली, "पाहा वं, किती जीव हाये नातीवर." त्या हलत्या मानेवरच म्हातारी गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर सुलोचनानं बापाला खरं ते सांगून टाकलं. आजीला पाट हवा होता, माझाही आणि एकेकाळी स्वतःचाही. नानाजीनं तिला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. कानाखाली अशी वाजवली की ती चुलीवर जाऊन पडली. "मेलेल्या मायच्या तोंडी शेण घालतं? तुले पाटाची घाई झाली म्हून माझी माय छिनाल करून राह्यली?" आई धुरपता भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. नंतर पोरीच्या पाठीला हळद लावताना एवढंच म्हणाली, "कायले बोलली? कोण इश्वास ठेवीन तुह्यावर?"

माणसं विश्वास ठेवणार नव्हती. राहिला कावळा. सुलोचनानं दहाव्यासाठी आदल्या सांजेला आलेल्या मामाला गाठून आजीचं बोलणं सांगितलं. श्रावण मामानं मिशा चावत तिला एका बाजूला घेतलं. मग म्हणाला, "घाटावर मी बोलतो. माय, तुह्या नातीचा पाट लावून देतो, असं म्हणतो. तवाच कावळा शिवला तं मंग नाई म्हणाची कोणाची छाती नाई." तो मनापासून म्हणाला. कावळा शिवेल की नाही हे मात्र त्यानं देवावर सोडलं होतं. सुलोचना देवावर सोडायला तयार नव्हती. तिला आजीचंच एक बोलणं आठवत होतं. कोणाच्या तरी दहाव्याहून येऊन म्हातारी पोट धरून हसली होती, "पुलगावच्या घाटावरचे कावळे ढीवराईचे झिंगे खाऊन माजले हायेत. ते काय भाताले शिवतीन! माह्यावाले दिवस करान तवा चार झिंगे टाकजा, मंग पाहा कसे येतात." सुलोचनानं शेजारच्या रुख्मिणीकडून मांजर व्याली म्हणून मूठभर झिंगे मागून आणले, न्हाणीत बसून दगडानं कुटले आणि तिळांत मिसळले.

आता घाटावर नानाजी रडकुंडीला आला होता. वावर गेलं, गोठ गेले, तरी माय हटून बसली होती. तो बायकांकडे वळून म्हणाला, "घरच्या एकेकानं या. आपल्या हातानं तीळ वाहा. ज्याच्या मनात जे असन ते मायले सांगा."

धुरपतानं तीळ वाहिले आणि पुटपुटत मागे सरली. मग सुलोचना पुढे झाली. तिनं गाठ सोडली, मूठ भरली आणि वाकून पिंडावर रिकामी केली. काळ्या तिळांत झिंगे दिसत नव्हते. वास आला, पण तो नदीवर कायमचाच असतो. तिनं डोकं टेकवलं आणि मनात म्हणाली, आजी, तूच सांगितलं होतं, माफ कर. उठली, मागे आली आणि मामाकडे पाहिलं.

श्रावण मामानं टोपी सारखी केली, खाकरला आणि उभा राहिला. "जिजाबाई," तो मोठ्यानं म्हणाला, "तुमची नात—"

"थांबा जी पाव्हणे," सोनबानं त्याचा हात धरला. "आधी घरच्याईचं होऊ द्या. दादा राह्यला हाये अजून. पाव्हण्याईचं शेवटी असते."

रीत तशीच होती. मामा जागच्या जागी उभा राहिला, त्याचं तोंड उघडंच होतं. सुलोचनाची नजर बाभळीवर गेली. एक कावळा फांदीच्या टोकावर सरकला होता. मान खाली घालून पत्रावळीकडे बघत होता. थांब रे, ती मनात ओरडली, थांब, एवढ्यात नको.

नानाजी वाळूत गुडघ्यावर बसला. त्याला मायचा तो शेवटचा हात आठवला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. इतका वेळ तो भावाला आणि बहिणीला भ्यायला होता, आता मात्र खरोखर हेलावला होता. त्यानं दोन्ही हात पसरले आणि घसा फाटेपर्यंत ओरडला, "माय! समजलं मले! तू माह्या हातात पोरगी देल्ली, तुले तिचा घोर हाये! तू जशी आमच्या बापाच्या नावावर राह्यली तशीच सुलोचनाबी राहीन. तिचा पाट लागणार नाई, माय! मी जित्ता हाये तोवर लागणार नाई!"

शेवटचा शब्द तोंडातून निघतो न निघतो तो फांदीवरचा कावळा सुटला. सरळ पत्रावळीवर येऊन त्यानं चोच मारली. त्याच्यामागे दुसरा आला, मग तिसरा, मग अख्खी बाभळ रिकामी झाली. भाताचं शीत राहिलं नाही. एकमेकांना टोचत, पंखांनी वाळू उडवत कावळे त्या पिंडावर तुटून पडले. घाटावर असा कावळा शिवलेला कोणी कधी पाहिला नव्हता.

"पावली!" कोणीतरी ओरडलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. कौशल्याबाई पुन्हा रडायला लागली, या वेळी खरं रडली. म्हातारे पुरुष नाक पुसत एकमेकांना सांगत होते, शेवटी जिजाबाईच ती, मेल्यावरसुद्धा घराण्याची अब्रू राखून गेली. नानाजी उठला, सुलोचनाजवळ आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाच हात सात दिवसांपूर्वी तिच्या कानाखाली पडला होता. "पोरी," तो हुंदका देत म्हणाला, "मेल्यावरबी तुह्यीच काळजी होती वं मायले. केवढं तुह्यं भाग्य!"

सुलोचनानं मामाकडे पाहिलं. मामा खाली बघत होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच कावळ्याला असं शिवताना पाहिलं होतं, आणि तोही शेवटी माणूसच. आजीचं ते बोलणं पोरीनंच रचलं असावं, असं आता त्याला वाटत होतं. तिला त्याच्या तोंडावर ते स्पष्ट दिसलं. त्यानं पंचा खांद्यावर टाकला आणि मोटार गाठायची आहे असं सांगून तो तिथूनच जामला निघून गेला.

बोलायला तिची जीभ कोणी धरली नव्हती. झिंगे टाकले होते, असं ती ओरडू शकली असती. तिचे ओठ हललेसुद्धा. पण मग पुढे काय? माळकरी आजीच्या पिंडावर नातीनं झिंगे टाकले, कावळा शिवला तो खोटा शिवला, म्हातारीला गती नाही, असं झालं असतं. असल्या पोरीला पाट लावून कोण देणार? आणि झिंगे होते तरी वेळ कोणी साधली? सगळ्यात वाईट हे की तिला क्षणभर खरंच भीती वाटली, आजीनंच तर हे केलं नसेल?

हात-पाय धुवायला बायका पाण्यात उतरल्या तेव्हा धुरपता तिच्या शेजारी येऊन बसली. तिनं पोरीचा उजवा हात धरला, नाकाजवळ नेला आणि झटकन खाली सोडला. मग काठावर पिंडाचा भात शिजवला होता त्या चुलीतली मूठभर राख घेऊन आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "घास. चांगला घास. नखाईतून काढ."

"आई, मले नत्थूकडे जायचं होतं," सुलोचना म्हणाली.

"माईत हाये मले," धुरपता म्हणाली. "घास."

तेरवीच्या दिवशी मांडव पडला, सगळं गाव जेवायला आलं. जेवणं झाल्यावर नानाजीनं जिजाबाईची तुळशीची माळ काढली आणि पंचांसमोर सुलोचनाच्या गळ्यात घातली. "आजपासून हे आमची जिजाबाई," तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. सुलोचनाला आत घाण्याजवळ, म्हातारीच्या पाटावर बसवलं. कोणी सांगितलं नाही, पण बायकांनी आपोआप रांग धरली. पहिली एक नवी नवरी आली, हिरव्या चुड्याची, सुलोचनापेक्षा थोडीच लहान. ती वाकली आणि तिनं पायांना हात लावला. सुलोचनानं चटका बसल्यासारखे पाय लुगड्यात ओढून घेतले.

म्हातारी अनुसयाबाई भिंतीला टेकून बसली होती. तीच एक आता जिजाबाईच्या बरोबरीची राहिली होती. दात नसलेल्या तोंडानं ती हसली आणि शेजारणीला म्हणाली, "जिजीबी पयल्या दिवशी असेच पाय ओढून घे. मंग झाली सवय तिले."